लेथ बंद पडण्याची अट

सासऱ्यांच्या कारखान्यात लेथ यंत्रावर लाकूड कातणारा जावई मंगळवारी दुपारी त्या कामातून एकदाचा सुटला. बुधवारी सकाळी मात्र तो, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने, लेथला तेल घालत होता.

"हा लेथ बंद पडला की तुम्ही कारखान्यातून मोकळे, जावईबापू," असा शब्द सासऱ्यांनी लग्नातच दिला होता. अकरा वर्षं लेथ काही बंद पडेना. शेवटी जावयाने मन घट्ट करून महिनाभर लेथला तेल घातलं नाही, तेव्हा कुठे मंगळवारी बेअरिंग जाम झालं. बुधवारी तो फक्त आपल्या चपला न्यायला आला, तर लेथच्या अंगावर गंज दिसला. त्याला ते बघवेना. गंज घासला, बेअरिंग बदललं आणि हाताला सुरसुरी आलीच होती म्हणून पटाश्यांनाही धार लावली.

"काल बंद पडला होता ना हो हा?" सासऱ्यांनी मिशीत हसत विचारलं.

"छे! आपल्या हातचा लेथ बंद पडतो होय?" जावई छाती फुगवून म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

त्याचा जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. "आता फोडा कुणाच्या नावाने खडे फोडायचे ते!"

 

संध्याकाळी सासऱ्यांच्या टेबलावर जावयाचा अर्ज होता: 'अर्जदारास तेलाच्या डब्यापासून किमान शंभर फूट दूर ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'