मध्ये कुणी बोलू नये

पंखा बंद केलात का, असं ताईने फोनवर पुन्हा विचारलं.

केला, असं मास्तर म्हणाले. खिडकी लावली. बोक्यालाही खोलीबाहेर काढलं. "आता मीच तेवढा बाहेर जायचा राहिलोय."

ताईला हसू आलं नाही. सुटीची सकाळ होती आणि तिला नुसतं झोपायचं होतं. आठवडाभर विमा कंपनीच्या काउंटरवर लोकांची किरकिर ऐकायची आणि घरी आलं की 'बैठकी'ची. 'बैठक' म्हणजे तिने इंटरनेटवर जमवलेला, शास्त्रीय गाणं गाणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा गोतावळा. लांबलांबची माणसं एका सुरात बांधली जातील, असं तिला सुरुवातीला वाटलं होतं. बांधली कसली, एकमेकांच्या उरावर बसली. कुणाचं घराणं अस्सल आणि कुणाचं भेसळीचं यावरून भाऊबंदकी असल्यासारखी भांडायची. आणि गाणारा तोंड उघडतो न उघडतो तोच तक्रार यायची, की पंख्याची घरघर ऐकू येते.

म्हणून पंखा बंद.

ताई लहानपणी मास्तरांकडे गाणं शिकली होती. गळा जेमतेमच निघाला, पण मास्तरांनी तिला कधी हाकललं नाही. गेल्या वर्षी ते 'बैठकी'त गायला बसले आणि ऐन आलापात एक दीडशहाणा माईक उघडून ओरडला, की मास्तर, आवाज येतोय का? मास्तरांनी डोळे उघडले, तंबोऱ्याचं यंत्र बंद केलं आणि उठून गेले. त्यानंतर ते कुठेच गायले नाहीत. निम्मे लोक 'बैठक' सोडून गेले. उरलेले म्हणायचे, मास्तर नाहीत तर इथे ठेवलंय काय.

ताईने त्यांच्या घरी किती खेटे घातले ते तिचं तिला माहीत. शेवटी ते एका अटीवर तयार झाले.

"मध्ये कुणी बोललं किंवा फोन वाजला, तर मी उठेन. मग माझं गाणं माझ्याबरोबर जाईल. कळलं, पोरी?"

कळलं होतं. ताईने नियम केले. सगळ्यांचे माईक बंद. दाद द्यायची ती लिहून, आणि तीही फक्त गाण्याबद्दल. बाकी काही दिसलं की ती पुसून टाकणार.

नियमाचा पहिला फटका मास्तरांच्या लेकीला बसणार होता. ती परगावी नर्स होती. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पूर्वी मास्तर गायचे तेव्हा दर बैठकीत ती एकच लिहायची, "बाबा, गोळी घेतलीत ना?" एकदा 'बैठकी'तल्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, गोळी कोणत्या रागात आहे? सगळे खदखदून हसले होते. हे डॉक्टर हृदयाचे. दिवसभर लोकांच्या छातीला कान लावायचे आणि उरलेल्या वेळात 'बैठकी'ला अक्कल शिकवायचे.

मास्तर बसले. मागे साधा पडदा होता, त्याच्या कडेला दार. खुंटीवरचे कपडे दिसतात म्हणून ताईनेच तो लावायला लावला होता. यंत्रातून तंबोरा सुरू झाला. मास्तरांनी षड्ज लावला आणि ताईच्या डोक्यातली विमा कंपनी गप्प झाली.

ते हळूहळू चढत गेले. बंद खोलीत कपाळ घामाने चमकायला लागलं. तार षड्जावर आवाज ठेवून त्यांनी हात वर केला. पंजा कॅमेऱ्याकडे उघडला, मग सावकाश छातीकडे नेला. आवाज थांबला. डोळे मिटलेले, पंजा मांडीवर उघडा, पाठ लोडाला, मान थोडी कललेली. तंबोरा वाजत राहिला.

डॉक्टरांनी लिहिलं, "हा विराम पाहा. न गाता गाणारा माणूस!" पाठोपाठ बाकीच्यांनीही माना डोलावल्या. असली शांतता शिकवून येत नाही, असं एकाने लिहिलं.

लेकीने लिहिलं, "बाबा, गोळी घेतलीत ना?"

ताईने पुसलं. लेकीने पुन्हा तेच लिहिलं. ताईने माशी वारावी तसं तिला बैठकीतूनच बाहेर काढलं.

विराम लांबला. मग कुणीतरी लिहिलं, "विराम कसला डोंबलाचा! चित्र अडकलंय."

सगळ्यांना एकदम पटलं. डॉक्टरांनी आपली दाद गुपचूप पुसली. दर वेळी हेच, फुकटच्या कारभारात आणखी काय होणार, असं कुणीतरी टोचून लिहिलं. ताईला त्याचाही राग आला नाही, इतकी ती दमली होती. चित्र अडकतं आणि आवाज येत राहतो, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. घरघर गाळणारी यंत्रणा कधीकधी गळाच गाळते आणि तंबोरा तेवढा सोडते, हेही. तिने चित्र निरखून पाहिलं. मास्तरांची पापणी हलत नव्हती. मागचा पडदासुद्धा हलत नव्हता.

तिने फोन उचलला, नंबर काढला. मग तिला अट आठवली. तिकडे मास्तर रंगात आले असतील आणि फोन वाजला, तर पुन्हा जन्मात गाणार नाहीत. तिने फोन पालथा ठेवला आणि सगळ्यांना लिहिलं, "चित्र अडकलं आहे. मास्तरांचं गाणं चालू आहे. कृपया मध्ये कुणी बोलू नये."

आणि नवल म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. घराणं नाही, टोमणा नाही, तक्रार नाही. एवढी माणसं मुकाट्याने नुसता तंबोरा ऐकत राहिली. अशीच 'बैठक' तिला हवी होती. ताईने मान मागे टेकली, डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं.

तिने डोळे उघडले. त्या अडकलेल्या चित्रात दार किलकिलं झालं, बोका आत आला, त्याने मास्तरांचा उघडा पंजा हुंगला आणि तो त्यांच्या मांडीवर चढून बसला.