कोणी भरलं हे तेल?

"कोणत्या गाढवानं भरलंय हे तेल?"

मेकॅनिक असा ओरडला की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानंही मान वर केली. बॉनेट उघडलं की आधीच्या मेकॅनिकचा उद्धार करायचा, ही या धंद्याची रीतच आहे. केस कापायला बसलं की न्हावी नाही का विचारत, मागच्या वेळी कोणाकडे कापले होते म्हणून? पण आजचा राग रीतीपुरता नव्हता. गाडी बॅटरीवर चालणारी. हिच्या एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, थेट विजेवर फिरतो, आणि ती वीज धडधाकट माणसाला जागच्या जागी आडवा करील एवढी असते. म्हणून त्यात वीज वाहू न देणारं वेगळं तेल घालायचं. कोणीतरी पेट्रोलच्या गाड्यांचं साधं तेल ओतून मोकळं झालं होतं. वीज त्या तेलातून झिरपू लागली, गाडीला ते कळलं आणि ती बंद पडली. तीही भर पुलावर.

गाडी एका नर्सची. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी बाई. टोइंगच्या गाडीतून उतरली तीच तापलेली.

"लोक काय काय बोलले मला पुलावर! तिकडे पेशंट ताटकळलाय, इकडे मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. आणि हा एसी कोणी केला माहितेय तुम्हाला? मी सांगते कोणी—"

"थांबा हो ताई, कोण ते नंतर." त्यानं उतरवलेल्या कॉम्प्रेसरमधलं तेल वाटीत काढून तिच्या नाकासमोर धरलं. "हे बघा. गेला हा. धुऊनही उपयोग नाही, थेंबभर राहिलं तरी पुन्हा तेच. नवाच लागणार. अहो, कोणाचा जीव गेला असता म्हणजे?"

खिडकीपाशी त्याचे वडील नट-बोल्ट निवडत बसले होते. गॅरेज त्यांनीच उभं केलेलं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मुलानं त्यांना गाडीला हात लावू दिला नव्हता, तेव्हापासून त्यांची जागा तीच. ते उठून आले, वाटीत बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला.

"साधं तेल," ते म्हणाले आणि मुलापेक्षा दुप्पट भडकले. "बॅटरीच्या गाडीत? अरे, मेकॅनिक आहे की मारेकरी? मी ही दोन तेलं एका फळीवरसुद्धा ठेवत नाही! ताई, नाव सांगा त्याचं. घाबरू नका, आम्ही आहोत."

नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं मेकॅनिकला हाताला धरून बाहेर नेलं.

"वडलांना सांगा, नाटकं पुरे झाली. त्यांनीच भरलंय."

"काय?"

"मागच्या आठवड्यात तुम्ही मेहुणीच्या लग्नाला गेला होतात. शटर उघडं दिसलं म्हणून मी आले. म्हणाले, पोरगा नाही, पण पोराचा बाप आहे. तासभर खपले गाडीत. वर मला चहा पाजला. आणि आज टोइंगमधून उतरल्या उतरल्या मलाच विचारतात, पहिल्यांदाच आलात का! वरून नाव सांगा म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा!"

"तोंड सांभाळून बोला," मेकॅनिक उसळला. "या दोन तेलांतला फरक त्यांनी मला कान पिळून शिकवलाय. झोपेतून उठवून विचारा, सांगतील. ते अशी चूक करणं शक्य—"

तो अडखळला. आत वडील पुन्हा खुर्चीत बसले होते. निवडून वेगळे केलेले नट-बोल्ट त्यांनी एका डब्यात ओतले, हलवले, आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. हे तो गेले कित्येक दिवस बघत होता. म्हाताऱ्याचा वेळ जातोय, एवढंच त्याला वाटलं होतं.

नर्सही तिकडेच बघत होती. असली माणसं तिच्या रोजच्या ओळखीची होती. तिचा आवाज एकदम खाली आला.

"नाटक नाही करत ते," ती म्हणाली. "त्यांना खरंच आठवत नाहीये."

मेकॅनिकला भयंकर राग आला. पण तो काढायचा कोणावर, तेच कळेना. बापावर काढावा तर बापाला पत्ताच नाही. त्यानं पायाशी पडलेल्या टायरला लाथ घातली आणि तो आत गेला.

"मिळालं का नाव?" वडील ताडकन उठले. "चल, मला घेऊन चल त्याच्याकडे. असल्या माणसाला धंद्यात ठेवायचाच नाही. चारचौघांत सांगायचं, बाबा रे, आता तुला जमत नाही, हातातला पाना खाली ठेव आणि घरी बस. बोल, कोण आहे तो?"

मुलगा वाटीतल्या तेलाकडे बघत उभा राहिला. मघाशी त्यानं जेवढ्या शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या बापालाच लागल्या होत्या.

"मीच भरलं, बाबा."

म्हाताऱ्याचा हात एवढ्या जोरात उठला की नर्स दचकून मागे सरकली. गाल लाल झाला. मुलगा हलला नाही. "एवढं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी!" वडील ओरडत होते. "माझं नाव बुडवलंस! हो बाजूला, माझ्या डोळ्यांसमोरून हो!"

मग धाप लागून ते थांबले. नर्सकडे वळले, आणि मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज हळू करून म्हणाले, "पोरगा वाईट नाही हो माझा. तेवढं सांभाळून घ्या. हल्ली जरा विसरतो."