बोटभर केस

कॅन्सरचे केमो संपले, सोनूबाईच्या डोक्यावर पुन्हा बोटभर केस आले आणि तिच्या दिराच्या, भागवतच्या, पोटात दुखायला लागलं. महागडं इंजेक्शन अजून वर्षभर घ्यायचं होतं. पण अंबडला आपल्या दुकानात त्यानं गिऱ्हाइकांदेखत वहिनीला झाडलं, "केस आले, टुणटुणीत दिसून राह्यल्या तुम्ही. मंग कशाचा खर्चा, वैनी? आजून किती लुटता आम्हाला?"

त्या दिवशी सोनूबाई दात-ओठ खात परतली. आज पुन्हा अंबडला उतरली, ती थेट कटिंगच्या दुकानात शिरली.

"समदे काढून टाक."

वस्तरा हातात धरून न्हावी थबकला. "मावशी, राजूरच्या गणपतीला नवस बोलल्या व्हत्या का?"


"न्हाई. दिराकडं पैसे मागायला जायचंय."