हाक

“बाई, फळ्याशी काय बोलताय? इकडे तोंड करा. माणसं इकडे बसलीयत!”

दुसऱ्या रांगेतून भोंगा गरजला, आणि आरोग्य खात्याच्या बाईंच्या हातातला खडू मोडला. पाणीपुरवठ्याच्या सभागृहात पंपघरातली सगळी माणसं आणून बसवली होती. विषय क्लोरीनचा. टाकी गळली तर काय करायचं, मास्क कसा चढवायचा. ऐकण्याची हौस कुणालाच नव्हती, पण भोंग्यासारखं उघड वैर कुणी धरलं नव्हतं.

“बरं काका,” बाई वळून म्हणाल्या. “तुमच्याकडे बघूनच बोलते.”

“काका तुमच्या घरच्यांना म्हणा.”

भोंगा हे नाव त्याला आवाजावरून पडलं होतं. त्याचं उभं आयुष्य पंपांच्या धडधडाटात गेलं होतं. तिथे बोलायचं तर समोर यायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आणि छातीतून ओरडायचं. त्यामुळे तोंडावर शिवी देणारा माणूस त्याला चालायचा. पाठमोरं पुटपुटणारा मात्र डोक्यात जायचा. आणि अलीकडे सगळ्या जगालाच पुटपुटायची खोड लागली होती. सून ओट्याकडे तोंड करून काय काय बोलायची. मुलगा फोनवर मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलायचा. बायको होती तोवर तिने असं कधी केलं नाही. आधी दंडाला हात लावायची, समोर यायची, मग बोलायची. चांगल्या घरची होती.

पुढच्या रांगेत, अगदी त्याच्या नाकासमोर, वायरमनची मान होती.

तिच्याकडे बघून भोंग्याचा पाय ठणकायला लागला. नवी मोटर चढवताना साखळी सटकली होती. वायरमन मागे उभा होता. त्याला ती सुटताना दिसली, पण त्याने हाक दिली नाही. मोटर पायावर आली आणि भोंग्याची दोन बोटं गेली. वायरमन अजून शपथा घेत होता, की मी घसा फोडून ओरडलो, भोंगाच हलला नाही. धडधडीत खोटं! दोघांचं आधीपासून पटत नव्हतं, हे सगळ्या पंपघराला माहीत होतं. उद्या चौकशी होती. भोंगा साहेबांसमोर सांगणार होता, की ह्याने मुद्दाम तोंड मिटून घेतलं. तेवढं सांगितलं की वायरमनची नोकरी गेली, हे साहेबांनीच त्याला बोलून दाखवलं होतं. भोंगा त्या दिवसाची वाट बघत होता.

“उद्या बघतो तुझ्याकडे,” तो त्या मानेला म्हणाला. मान हलली नाही.

बाईंनी टेबलावरचा मास्क उचलला. काळा, रबरी, दोन्ही गालांवर डबे असलेला. पट्टे कसे ओढायचे ते दाखवत त्यांनी तो नाकातोंडावर चढवला.

आणि त्या गप्प झाल्या.

भोंगा वाट बघत राहिला. बाई नुसतेच हातवारे करत होत्या. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं केलं, दाराकडे बोट दाखवलं, मग भोंग्याकडे बघून एक भुवई वर केली. त्याबरोबर सगळ्यांचे खांदे हसून हलायला लागले. वायरमनचेही हलले.

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खुर्ची मागे ढकलून उठला.

“काय नाटक चाललंय? मुक्यानं चेष्टा करता माझी? बोलायची धमक नाही, म्हणून तोंड झाकून बसलात? पगार घेता ना सरकारचा? मग बोला की!”

खांदे हलायचे थांबले. कुणी हसलं नाही, कुणी ‘खाली बस’ म्हणून हात केला नाही. बाई मात्र हात हलवतच होत्या.

“बघा!” भोंगा दोन्ही हात पसरून म्हणाला. “एका दमात गप्प केली बाईला.”

पुढची मान वळली. वायरमनचा चेहरा त्याच्यासमोर आला. त्यावर राग होता, पण तो हळूहळू निवळत गेला आणि तिथे भलतंच काहीतरी आलं.

“कशाला स्वतःची शोभा करून घेतोयस?” वायरमन म्हणाला. “बाई बोलतायत. थांबल्याच नाहीत त्या.”

“कधी बोलल्या?”

“मास्क घातल्यापासून. तू उठलास तेव्हाही बोलत होत्या.”

भोंग्याने बाईंकडे पाहिलं. काळं रबर, दोन डबे, वर घाबरलेले डोळे.

“आणि आता?” त्याने विचारलं.

“आत्ताही. काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का, असं विचारतायत तुलाच.”

भोंगा खाली बसला. खुर्ची कुठे आहे ते न बघताच बसला. शेजारच्याने त्याला धरलं आणि काहीतरी म्हटलं; भोंग्याने त्याच्या ओठांकडे बघितलं तेव्हा कुठे ते शब्द झाले. “पाणी देऊ?” त्याने शेजाऱ्याचा हात झटकला. मग पुढे वाकून, आयुष्यात पहिल्यांदाच, आवाज खाली आणायचा प्रयत्न केला.

“त्या दिवशी... तू हाक दिली होतीस?”

वायरमनने त्याच्याकडे बघितलं. मग तो पुढे वळला. पुन्हा तीच मान. तिच्या पलीकडून तो काहीतरी बोलला असावा, कारण सभागृहातल्या साऱ्या नजरा एकदम खाली गेल्या.