कोपीची परीक्षा

“हा कुत्रा आधी मारून टाका,” पद्माकर म्हणाला, आणि कोपीने त्याच्याकडे बघून शेपटी हलवली.

त्यामुळे तर तो आणखीच भडकला. सेरंगूनमधल्या त्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सगळे जमले होते. एका बाजूला पद्माकर आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला शेजारचे म्हातारे मिस्टर लिम आणि त्यांचा वकील. मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या तज्ज्ञ, डॉक्टर प्रियदर्शिनी. आणि लिमच्या पायाशी तो तपकिरी कोपी. पितृपक्षात एका दुपारी लिमच्या दारासमोर त्याने पद्माकरच्या आठ वर्षांच्या वल्लरीचा हात चावून फोडला होता. ऑपरेशन झालं, तरी पोरीची करंगळी अजून वळत नव्हती. पद्माकरने दावा ठोकला होता. कुत्रा मुळातच घातक आहे असं आज ठरलं असतं, तर त्याचे दिवस भरले होते.

तज्ज्ञबाई लिमच्या वकिलाने आणलेल्या, पण मराठी निघाल्या. पद्माकरला आधी बरं वाटलं होतं. लिफ्टपाशी त्याने सलगीने विचारलंही, “मॅडम, आपल्या लेकराच्या बाजूने बोलाल ना?”

“मी कुत्र्याच्या बाजूनेही बोलत नाही,” बाई इंग्रजीत म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! पद्माकरच्या मस्तकात तिडीक गेली. तशी ती हल्ली लहानसहान कारणानेही जायची. दवाखान्यात नेताना रक्ताळलेल्या वल्लरीवरच तो ओरडला होता, “तिकडे पाठवलं कुणी तुला? नाव सांग, तंगडं मोडतो त्याचं!”

“नोबडी, बाबा. आय वॉज प्लेइंग लाह,” पोरगी पुटपुटली, आणि त्यानंतर तिने त्या दुपारचा विषय काढला नाही.

दिवसही नेमका त्याच्या वडिलांच्या तिथीचा. त्याची आई लीलाबाई यांनी बाल्कनीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं, म्हणून सकाळीच त्याने त्यांना फैलावर घेतलं होतं. “मॅनेजमेंट दंड करील, आई! हे पुणं नाही!”

“अरे, पण बाकीचे घास तरी...”

“एक शब्द बोलू नकोस.”

तेव्हापासून लीलाबाई घरात भांड्याचाही आवाज न करता वावरत. काल जेवताना त्यांनी सगळ्यांना वाटीत आमटी वाढली आणि स्वतः चहाच्या कपात घेतली, तर पद्माकर त्यावरूनही डाफरला. “पुण्याहून एवढ्या हौसेने आणलेल्या वाट्या! त्याही धड सांभाळता येत नाहीत?” लीलाबाई खाली मान घालून जेवत राहिल्या.

प्रियदर्शिनींनी परीक्षा सुरू केली. कोपीच्या तोंडासमोर फाटकन छत्री उघडली, मागे खुर्ची पाडली, त्याच्या जबड्यातून चेंडू काढून घेतला, कान ओढला. कोपीने जांभई दिली. मिस्टर लिमच्या डोळ्यांत पाणी आलं. “कोपी नेव्हर बाइट वन,” ते वकिलाला सांगत राहिले.

मग बाईंनी त्याच्यासमोर खाण्याचा वाडगा ठेवला आणि काठीला लावलेला रबरी हात हळूच त्या वाडग्याकडे नेला. कोपी ताठ झाला. गुरगुरला. हात वाडग्याला लागताच त्याने तो कचकन धरला.

“बघा!” पद्माकरने टेबलावर मूठ आपटली. “बघितलंत? अजून काय पुरावा हवाय तुम्हाला?”

“खाणं कुणी उचलायला गेलं, तरच चावतो. एरवी नाही,” प्रियदर्शिनी म्हणाल्या. “त्या दुपारी तिथे खाणं होतं का, एवढाच प्रश्न आहे. मिस्टर लिम, तुम्ही दाराबाहेर खायला घालता?”

“नेव्हर! ओन्ली इन किचन.”

पद्माकरला तेवढंच हवं होतं. वकिलाने त्याची बाही ओढली, पण तो कुणाचं ऐकतोय! “खोटं बोलतोय म्हातारा! खाणं होतंच. दारात खाणं ठेवायचं, कुत्रा मोकळा सोडायचा, आणि दुसऱ्याच्या पोरीचे हात फोडायचे! ज्याने खाणं ठेवलं, तोच गुन्हेगार. घ्या लिहून!”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? मी सही करून देतो.”

बाईंनी लिहून घेतलं. “तुमच्या घरून कुणी ठेवलं असेल?”

“माझ्या घरात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही.”

प्रियदर्शिनींनी लिमकडे पाहिलं. म्हाताऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक स्टीलची वाटी काढून टेबलावर ठेवली. “दॅट डे, अंडर माय शू रॅक,” ते म्हणाले. “नॉट माइन. आय वॉश, आय कीप. नोबडी कम अँड आस्क.”

“आता वाट्या दाखवा!” पद्माकर उसळला. “ज्याची असेल त्याला धरा ना. मला कशाला दाखवता?”

प्रियदर्शिनींनी वाटी उचलली आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, “त्या दिवशी तुमच्याकडे तिथी होती का हो? आमच्या घरी हे करत नाहीत. पण शेजारच्या काकू कुत्र्याचा घास घेऊन गल्लीभर कुत्रा शोधत फिरायच्या. मग नातीला रिकामी वाटी आणायला पिटाळायच्या.”

पद्माकरने तोंड उघडलं, पण त्यांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वाचू शकणारी त्या खोलीत दोनच माणसं होती.

‘चि. पद्माकर याच्या मुंजीप्रीत्यर्थ.’