सुटका

वीज गेलेल्या आरोग्य केंद्रापुढे संध्याकाळची विजेवरची बस अडकून पडली होती. दिवे गेले की वाटेवरच्या बसने वीज द्यायची, असा नियमच होता. तिच्या बॅटरीची केबल खिडकीतून बाळंतपणाच्या खोलीत गेली होती.

"गाडी कधी सुटणार?" घामाघूम शिगवणकाकांनी पुन्हा विचारलं.

"आतली बाई सुटली की," कंडक्टर वेणूताई म्हणाल्या.

"निदान पंखा तरी लावा!"

"आतला दिवा मंद होतो, काका."

काका रुमालाने वारा घेऊ लागले.

बऱ्याच वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं. केबल निघाली. वेणूताईंनी डबल बेल दिली, पण गाडी जागची हलेना. बॅटरी संपली होती.

काकांनी सुस्कारा टाकून पिशवी उचलली.

"आल्या आल्या अख्खी गाडी पिऊन बसलं पोरगं," म्हणत ते घाटाच्या चढाला लागले.