कानातली टकटक

पूनमच्या कानात दिवसभर टकटक चालायची. सासूबाई म्हणायच्या, "कालेजात शिकलेल्यांचे कान लई नाजूक! भास व्हतोय तुला."

अखेर सोलापुरातल्या कानाच्या डॉक्टरांनी तिच्या कानापासून स्वतःच्या कानापर्यंत नळी लावली. "अहो, मलाही ऐकू येतंय की! तोंडातल्या टाळूचा स्नायू आपोआप उडतोय, त्याचा हा आवाज." त्यांनी टाळूत स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात कान शांत झाला. पूनम सुखानं रडली.

पण आजवर फक्त तिच्याच खांद्यावर झोपणारा तिचा तान्हा मुलगा बिरू कान शांत झाल्यापासून झोपेना. तिच्या गालाला कान लावायचा नि रडायचा. "ह्याला काय झालं गं?" सासूबाई घाबरल्या.



पूनमनं जिभेनं टकटक सुरू केली, तसे बिरूचे डोळे मिटले. ती थांबली, की पुन्हा उघडले.